हिवराळेंनी थांबवलेली हेलिकॉप्टरं

पंचशील हिवराळेच्या मांडीचं हाड जरा जास्तच लांब भरलं, म्हणून तो लढाऊ विमानाचा पायलट झाला नाही. अकादमीत दाखल होताना माप बरोबर होतं, पण तिथल्या तीन वर्षांत पोरगा आणखी वाढला. उड्डाणाचं शिक्षण सुरू व्हायच्या वेळी हवाई दलाच्या डॉक्टरांनी त्याला भिंतीला टेकवून बसवलं, कमरेपासून गुडघ्यापर्यंत टेप लावला, पुन्हा एकदा लावला आणि मान हलवली. जीव वाचवायला खुर्चीसकट विमानाबाहेर उडायची वेळ आली, तर याचे गुडघे समोरच्या पॅनेलला आपटून तुटतील, असं त्यांनी त्याला समजावून सांगितलं. पंचशीलला ते पटलं, पण पटण्याने दुःख काही कमी झालं नाही.

सुट्टीत इंदूरजवळच्या महूला घरी येऊन त्याने ही बातमी सांगितली, तेव्हा दुर्गाबाई तवा चुलीवरून उतरवत होत्या.

"बरं झालं रे बाबा," त्या म्हणाल्या. "जेट-बिट नकोच आपल्याला. हेलिकॉप्टर कमसे कम हवेत उभं तरी राहतं."

वडील वाल्मिक हिवराळे छावणीच्या पाणीपुरवठ्यात फिटर होते. माणूस अबोल. त्यांनी हात धुतले, पाटावर बसले आणि एवढंच विचारलं, "वर्दी तीच ना?"

"तीच."

"तो फिर क्या."

हिवराळ्यांच्या गल्लीत वर्दीचं कौतुक नवं नव्हतं. पंचशीलचे आजोबा खानदेशातून पलटणीत भरती होऊन महूला आले आणि इथलेच झाले. दर दोन घरांआड कोणी ना कोणी शिपाई, नाईक, हवालदार. पण ऑफिसर त्या गल्लीतून कोणी झाला नव्हता, आणि आकाशात तर कोणीच गेलं नव्हतं. पंचशीलच्या खांद्यावर पहिली पट्टी लागली त्या साली वाल्मिकरावांनी सायकलवरून अख्ख्या बाजारात पेढे वाटले. छावणीतल्या एका साहेबाच्या बंगल्यावरही डबा नेला. साहेब घरी नव्हते. मग त्यांनी तो डबा फाटकावरच्या पहारेकऱ्याला दिला आणि सॅल्यूट करून परतले.

नोकरीच्या पाचव्या वर्षी पंचशीलची बदली हिमनदीवरच्या ठाण्यांना रसद पोचवणाऱ्या तुकडीत झाली. लहान हेलिकॉप्टर, दोन पायलट, मागे रॉकेलचे डबे, भाजी, औषधं. परतताना कधी आजारी जवान, कधी त्याहून वाईट. हवा इतकी विरळ, की मशीन खाली टेकवलं तरी पंखा बंद करायचा नाही; बंद केला तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. पंचशील तिथे चांगला पायलट झाला. लांब मांड्यांचं दुःख तो त्या बर्फात विसरला.

तुकडीत त्याची जोडी जमली ती अश्विनशी. अश्विन जबलपूरचा, बडबड्या, कुणाच्याही नकला करणारा. एका सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "यार, हे मशीन काल जरा जड वाटलं. नुसतं वाटलं. सगळे काटे जागेवर होते."

"तू जड झाला असशील," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. पंचशीलही हसला. वाटलं म्हणून उड्डाण थांबवायची तिथे पद्धत नव्हती, आणि ठाण्यावरची माणसं भाजीची वाट बघत होती. अश्विन त्या दिवशी दुसऱ्या एका पायलटला घेऊन गेला. दुपारपर्यंत आला नाही. संध्याकाळी दुसऱ्या मशीनमधून पंचशीलनेच ती जागा शोधली. बर्फात शेपटीचा तुकडा उभा रोवल्यासारखा दिसत होता. बाकीचं दरीत गेलं होतं. चौकशी झाली, कारण निश्चित सांगता येत नाही असा निष्कर्ष निघाला, आणि तिसऱ्या दिवशी तुकडी पुन्हा उडायला लागली. पंचशीलही उडाला. जबलपूरला अश्विनच्या आईवडिलांना भेटायला गेला तेव्हा त्यांनी विचारलं, "काही बोलला होता का हो जाताना?" पंचशीलने सांगितलं, "हसत गेला." हे खरंच होतं. पण एवढंच खरं नव्हतं, हेही त्याला कळत होतं.

पुढे लग्न झालं. विनीता इंदूरची, शाळेत गणित शिकवणारी. तिने पहिल्याच भेटीत त्याला विचारलं, "तुम्ही लोक घाबरता का?" तो म्हणाला, "उतरल्यावर." तिला ते उत्तर आवडलं. मुलगी झाली, तिचं नाव संबोधी. बदल्या होत गेल्या, ट्रंका भरल्या-उघडल्या, आणि पंचशील मोठ्या, माल-माणसं वाहणाऱ्या हेलिकॉप्टरांवर आला.

तिथे त्याला जयसिंगराव फणसे भेटले. वॉरंट ऑफिसर, म्हणजे ऑफिसरांच्या खालचा हुद्दा, आणि फ्लाइट इंजिनिअर. उड्डाणात दोन पायलटांच्या मधोमध मागे बसून इंजिनांकडे लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. पहिल्याच उड्डाणात त्यांनी इंटरकॉमवर कुणाला तरी "अरे भिया, दरवाजा लाव की!" म्हटलं आणि ते घरचं 'भिया' ऐकून पंचशीलने मान मागे वळवली.

"इंदूर?"

"जी सर. जुनं इंदूर. तुम्ही?"

"महू."

ईशान्येच्या टोकाला दोन इंदुरी भेटले की काय होतं ते सांगायला नको. पोहे कसे करायचे यावर मेसच्या आचाऱ्याला दोघांनी इतकं ऐकवलं, की त्याने शेवटी पोहे करणंच सोडलं.

फणसे घराणं होळकरांच्या फौजेतलं. पणजोबा घोडदळात, आजोबा दरबारात. आता त्यातलं राहिलं होतं ते भिंतीवरची एक तलवार आणि जयसिंगरावांच्या वडिलांचा आवाज. एका सुट्टीत जयसिंगरावांनी आग्रह करून पंचशील आणि विनीताला जेवायला बोलावलं. आणि त्या घरात मोठाच घोळ झाला. जयसिंगराव आपल्या ऑफिसरसमोर खुर्चीवर बसायला तयार होईनात. त्यांचे वडील खुर्चीवर बसले होते ते, आलेला पाहुणा महूच्या हिवराळ्यांपैकी हे कळल्यावर, नमस्काराला उठायला तयार होईनात. पंचशील म्हाताऱ्याच्या मानापायी उभा, जयसिंगराव पंचशीलच्या मानापायी उभे, आणि म्हातारा एकटा बसलेला.

शेवटी जयसिंगरावांच्या बायको प्रेमलताबाई स्वयंपाकघरातून आल्या, त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "टेबलावर जागा नाहीये. सगळे खाली बसा. बाबा, तुम्हीपण." आणि सतरंजी अंथरली. टेबलावर भरपूर जागा होती. म्हातारा थोडा वेळ घुटमळला, मग हात पुढे केला. पंचशीलने हात देऊन त्यांना खाली बसवलं. जेवताना म्हाताऱ्यांनी विचारलं, "बर्फात घोडे चालतात का हो?" तिथून गप्पा सुरू झाल्या. परत जाताना विनीता रिक्षात म्हणाली, "त्या बाईंना जनरल करायला हवं होतं."

पंचशील चाळिशीला आला तेव्हा त्याला ईशान्येतल्याच एका हेलिकॉप्टर युनिटचं नेतृत्व मिळालं. कमांडिंग ऑफिसर, विंग कमांडर हिवराळे. हवाई दलात माणसाची पुढची सगळी वाटचाल या दोन वर्षांवर ठरते. युनिट नीट चाललं, वरच्यांचं मत चांगलं पडलं, तर ग्रुप कॅप्टन, मग एअर कमोडोर, म्हणजे फौजेतल्या ब्रिगेडियरच्या बरोबरीचा. नाही पडलं, तर माणूस तिथेच राहतो आणि वय झालं की घरी जातो. जयसिंगराव त्याच युनिटमध्ये होते. दोघांनाही बरं वाटलं.

पहिलं वर्ष उत्तम गेलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका मशीनमध्ये उड्डाण चालू असताना एक दिवा लागला. मुख्य गिअरबॉक्सच्या तेलात धातूचा कण आला की लागतो तो दिवा. पायलटने मशीन जवळच्या मैदानात उतरवलं. तेल काढलं, गाळलं, कण नाही. दिवा विझला. मशीन परत आलं. काही दिवसांनी दुसऱ्या मशीनमध्ये तेच. लागला, विझला, तेल स्वच्छ.

नियमाप्रमाणे सगळं तपासून झालं होतं. उडायला हरकत नव्हती. संध्याकाळी जयसिंगराव पंचशीलच्या ऑफिसच्या दारात उभे राहिले.

"सर, बोलू का?"

"बोला की."

"मला आवाज ठीक नाही वाटत. दोन्हीचा."

"म्हणजे काय होतंय?"

"तेच तर, सर. सांगता नाही येत. काहीच दाखवू नाही शकत मी. माझा वहम पण असू शकतो." ते थोडं थांबले. "नसता सांगितला तर झोप नसती आली, म्हणून सांगितलं. उडवायचं म्हणाल तर उद्या मीच मागे बसतो."

दुसऱ्या दिवशी एक मंत्री सीमेवरच्या गावांच्या दौऱ्यावर येणार होते. कार्यक्रम ठरला होता, गावागावांत मांडव पडले होते. पंचशीलने जयसिंगरावांना बसायला सांगितलं. त्याला चहाचा तो घोळका आठवला आणि आपलं हसणं आठवलं. मग त्याने फोन उचलला आणि युनिटची सगळी हेलिकॉप्टरं जमिनीवर ठेवायचा हुकूम दिला. सगळ्यांचे गिअरबॉक्स कारखान्यातल्या तज्ज्ञांनी उघडून बघेपर्यंत एकही मशीन उडणार नाही.

वरच्या मुख्यालयातून फोन यायला वेळ लागला नाही.

"हिवराळे, तेलात काही सापडलं?"

"नाही सर."

"नियमाने मशीन उडवण्याजोगी आहेत की नाहीत?"

"नियमाने आहेत, सर."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"मला खात्री नाही, सर."

"खात्री कोणाला असते? उद्या कोण येतंय, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर. दुसऱ्या कोणाला पाठवणार नाही, तर त्यांनाही नाही पाठवणार."

फोन ठेवला गेला. मंत्री मोटारीने अर्ध्या रस्त्यापर्यंत गेले आणि दरड कोसळलेली बघून परत फिरले. पेपरात दोन ओळी आल्या. पंचशीलला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पण तज्ज्ञ यायच्या आधीच एका उंच ठाण्यावरून निरोप आला. गस्तीवर असताना डोंगरावरून दगड आला आणि एका जवानाचा पाय चिरडला. नाव उदयसिंह, राजस्थानचा. रक्त थांबवलंय, पण लवकर खाली न्यायला हवं.

शेजारच्या युनिटचं हेलिकॉप्टर मागवलं. ते लांबून आलेलं, दरीच्या तोंडाशी ढगात अडकलं आणि इंधन पुरेना म्हणून परत गेलं. पंचशीलचा तळ दरीला लागून होता, ढगाची फट बघून इथून निघता आलं असतं. पंचशील हँगरमध्ये गेला. मशीनं ओळीने उभी होती. त्याने एकाच्या दारावर हात ठेवला. मागून जयसिंगराव आले.

"सर, तुम्ही उडवणार का?"

"विचार करतोय."

"तुम्ही उडवत असाल तर मी तयार आहे." जयसिंगरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. "पण मग ऑर्डर कशाला दिली?"

पंचशीलने मनातल्या मनात माणसं मांडली. आपण, शेजारी एक पोरगा पायलट, मागे जयसिंगराव, डॉक्टर, आणि परतताना तो जवान. आपला जीव आपण पणाला लावू शकतो. बाकीच्यांचा? आणि मशीन ठीक असेल तर तो पाय वाचेल. एक बाजू पक्की दिसावी म्हणून तो तिथे कितीतरी वेळ उभा राहिला. दिसली नाही. शेवटी तो दारावरचा हात काढून ऑफिसात परत गेला आणि ठाण्याला कळवलं, की माणूस खांद्यावरून खाली आणावा लागेल.

ठाण्यावरच्या जवानांनी उदयसिंहला स्ट्रेचरवरून डोंगर उतरवून खाली आणलं. दोन दिवस लागले. वाटेत पाऊस होता. जीव वाचला. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. सर्जनने नंतर पंचशीलला सांगितलं, की लवकर आणला असता तर कदाचित वाचला असता, कदाचित नसताही. पंचशीलने पुन्हा विचारलं. सर्जन म्हणाले, "सर, याच्यापुढे मी नाही सांगू शकत."

तज्ज्ञ आले. एकेक गिअरबॉक्स तपासला. एक तर काढून पार कारखान्यापर्यंत नेला. काही सापडलं नाही. एकाही दात्यावर ओरखडा नव्हता. पावसाच्या ओलाव्याने कुठेतरी वायर बिघडली असावी आणि त्यामुळे दिवा लागत असावा, असं त्यांनी म्हटलं. तेही असावा म्हणूनच.

पंचशील इस्पितळात गेला. उदयसिंह खिडकीजवळच्या खाटेवर होता. पंचविशीचा, बारीक मिशी ठेवलेला. ऑफिसर बघून त्याने उठायची धडपड केली. पंचशीलने त्याला झोपवलं आणि स्टूल ओढून बसला.

"हेलिकॉप्टर आलं नाही, ते मी थांबवलं होतं," तो हिंदीत म्हणाला. "माझा हुकूम होता."

उदयसिंहने त्याच्याकडे बघितलं. "खराब था, साहब?"

"मला वाटलं होतं, असेल. उघडून बघितलं. काही निघालं नाही."

उदयसिंहने तोंड भिंतीकडे केलं. पंचशील बसून राहिला. नर्स आली, तिने सलाइन बदललं, ती गेली. निघताना पंचशीलने विचारलं, "घरी कोणाला कळवायचं आहे?" उदयसिंह भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "कळवलंय."

चौकशी झाली. जयसिंगराव नवी इस्त्री केलेल्या वर्दीत आले आणि बाहेरच्या बाकावर पंचशीलला म्हणाले, "सर, मी सांगून देतो. माझ्या म्हणण्यावरून झालं सगळं. माझी तर नोकरी होत आली. माझं काय बिघडणार आहे?"

"तुम्ही काय म्हणालात ते विचारतील, ते सांगा," पंचशील म्हणाला. "झालं कोणाच्या म्हणण्यावरून, ते मी सांगतो. हुकूम माझा होता."

"सर, पण..."

"जयसिंगराव, तुम्ही मला शंका सांगितलीत. उद्या दुसरा कोणी इंजिनिअर त्याच्या साहेबाला शंका सांगायच्या आधी तुमचं काय झालं ते आठवेल. कळतंय का?"

जयसिंगरावांनी मान खाली घातली. चौकशीत दोघांवरही ठपका आला नाही. अधिकाराबाहेर काही केलं नाही, असं ठरलं. पण पंचशीलच्या वर्षाच्या अहवालात वरच्या साहेबांनी लिहिलं, की अधिकारी प्रामाणिक आहे, मात्र दबावाखाली निर्णय घेताना गरजेपेक्षा जास्त सावध होतो. हेलिकॉप्टरच्या पायलटला सावध म्हणणं म्हणजे काय, हे हवाई दलात कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

ग्रुप कॅप्टनच्या पहिल्या यादीत त्याचं नाव आलं नाही. पुढच्या वर्षीही आलं नाही. त्याच्या बरोबरीचे पुढे गेले. त्याच्या हाताखाली शिकलेला एकजण त्याचा साहेब झाला आणि बिचारा त्याच्याशी बोलताना अवघडायला लागला. पंचशीलला दिल्लीत एका टेबलावर बसवलं होतं. तो चिडचिड करत नसे, पण जेवताना गप्प बसे आणि आठवडी सुट्टीला एकटाच लांबवर चालायला जाई.

एकदा विनीताने संबोधीचा गृहपाठ बाजूला सारला आणि समोर बसली.

"एक विचारते. खरं सांगा. परत तशी वेळ आली तर काय कराल?"

"थांबवीन."

"आणि त्या मुलाचा पाय?"

"तोही जाईल," पंचशील म्हणाला. "दोन्ही माझंच. मला एक ठेवून दुसरं टाकता येत नाही, विनी."

"मग राजीनामा देऊन टाका. इंदूरला जाऊ. प्रायव्हेटमध्ये लोक मागे लागतील."

"शेवटची एक यादी राहिलीय. तिच्यात नाही आलं तर जाऊ."

त्याच साली उत्तरेकडच्या डोंगरात ढगफुटी झाली. रस्ते वाहून गेले, गावं तुटली. पायलट कमी पडले आणि टेबलावरच्या अनुभवी माणसांना परत हेलिकॉप्टरांवर बसवलं गेलं. पंचशीलला एका दरीची जबाबदारी मिळाली. तिथे त्याने ढगांच्या फटीफटीतून मशीनं नेली, नदीकाठच्या वाळूवर अर्धं चाक टेकवून म्हाताऱ्या बायका आत ओढल्या, आणि दोनदा पायलटांना "आज नाही" सांगून बसवूनही ठेवलं. लोक ओरडले. नव्या साहेबांनी त्याला विचारलं, "कशावरून नाही म्हणतोस?" त्याने कारण सांगितलं. साहेबांनी ऐकलं, एवढंच. त्या वर्षीचा अहवाल त्यांनी लिहिला. त्यांनी काय लिहिलं ते पंचशीलला कधी कळलं नाही.

शेवटच्या यादीत नाव आलं. तेव्हा तो सुट्टीवर इंदूरला होता. सासूबाईंसाठी औषध घ्यायला अन्नपूर्णा मंदिराच्या रस्त्यावर दुकानात उभा असताना फोन आला. दुकानदाराने सुटे नाहीत म्हणून चॉकलेटं पुढे केली, आणि पंचशीलने ती सगळी त्यालाच देऊन टाकली. घरी आल्यावर विनीताने बातमी ऐकली आणि म्हणाली, "म्हणजे परत ट्रंका." मग रडली.

महूला वाल्मिकराव तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. पंचशीलने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा का नाही दिलं होतं?" इतकी वर्षं त्यांनी हा प्रश्न कधी काढला नव्हता. पंचशीलने त्यांना सगळं सांगितलं. दिवा, मंत्री, उदयसिंह, सगळं. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकलं. "पंप बंद केला की लोक शिव्या देतात," ते म्हणाले. "चालू ठेवून जळला तर अजून देतात." पुढे आणखी काही म्हणतील म्हणून पंचशील थांबला, पण त्यांना झोप लागली होती. त्याच हिवाळ्यात ते गेले.

त्यानंतरच्या वर्षी पंचशील कामानिमित्त पुण्याला गेला होता. कृत्रिम पाय बसवतात त्या लष्करी केंद्रात उदयसिंह नवा पाय लावून घ्यायला आल्याचं त्याला समजलं. तो गेला. उदयसिंह दोन दांड्यांच्या मधून चालायचा सराव करत होता. अंगाने भरला होता. त्याने पंचशीलला ओळखलं. दांडीच्या टोकापर्यंत चालत आला, थांबला, श्वास घेतला.

"चल लेता हूँ, साहब."

"गावी काय करतोस?"

"शेती. भावाबरोबर." मग त्याने विचारलं, "आपका प्रमोशन हुआ?"

"झालं. उशिरा."

उदयसिंहने मान डोलावली आणि वळून परत दुसऱ्या टोकाकडे चालू लागला. पंचशीलला माफी मिळाली, असं या भेटीबद्दल म्हणता येणार नाही. त्याने ती मागितलीही नव्हती.

पुढे तो एअर कमोडोर झाला आणि शेवटची काही वर्षं उड्डाण-सुरक्षेचं काम त्याच्याकडे आलं. देशभरच्या तळांवर जाऊन तरुण पायलटांशी बोलायचं. प्रत्येक ठिकाणी तो हीच गोष्ट सांगे आणि शेवटी म्हणे, "मी बरोबर होतो की चूक, मला माहीत नाही." पोरं गोंधळत. एकाने उभं राहून विचारलं, "सर, मग आम्ही यातून शिकायचं काय?" पंचशील म्हणाला, "इंजिनिअर दारात येऊन उभा राहिला की त्याला बसायला सांगायचं."

निवृत्त होऊन आता त्याला फार काळ झालेला नाही. इंदूरला अन्नपूर्णेच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावर घर घेतलंय. दुर्गाबाई तिथेच असतात आणि लिफ्टला घाबरतात. सोसायटीत त्याला कोणी कर्नलसाहेब म्हणतं, कोणी कॅप्टन. सुरुवातीला तो दुरुस्त करायचा. एका चार्टर कंपनीने भरपूर पगारावर बोलावलं होतं. मालकाने मुलाखतीत विचारलं, "साब, आमचे पायलट हवेचं कारण देऊन फ्लाइट कॅन्सल करतात. तुम्ही त्यांना जरा टाइट कराल ना?" पंचशीलने समोरचा चहा संपवला आणि घरी आला. संबोधी बंगळुरात असते, सॉफ्टवेअरमध्ये. तिला विमानात बसलं की मळमळतं.

जयसिंगराव पोलोग्राउंड भागातल्या एका वर्कशॉपमध्ये सकाळचे जातात. कामापेक्षा गप्पाच जास्त, असं प्रेमलताबाईंचं म्हणणं. म्हातारे फणसे मागेच वारले. पंचशील आणि जयसिंगराव आठवड्यातून एकदा तरी भेटतात. इतक्या वर्षांनीही जयसिंगराव त्याला सरच म्हणतात. त्याने एकदा सांगून बघितलं, तर म्हणाले, "जीभ वळत नाही, सर."

यंदा चौदा एप्रिलला पंचशील महूला गेला, तसा तो दर वर्षीच जातो. बाबासाहेबांच्या जन्मभूमीवर त्या दिवशी कुठून कुठून लोक येतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जेवणाचे, सरबताचे मांडव लागतात. जयसिंगराव या खेपेस पहिल्यांदाच बरोबर आले होते. गर्दी बघून त्यांचे डोळे विस्फारले. दोघांना पुरी-भाजीच्या मांडवात वाढायला लावलं होतं. मांडवाचा कारभार शिखा नावाच्या बाईंकडे होता. त्या बँकेत नोकरीला, कमरेला पदर खोचलेला, घसा बसलेला. या दोन म्हाताऱ्यांपैकी कोण काय होतं, हे त्यांना माहीत नव्हतं आणि विचारायला सवडही नव्हती.

"अहो काका, लाइन थांबलीय," त्या पंचशीलकडे बघून ओरडल्या. "जरा हात चालवा. आणि भिया तुम्ही, पुऱ्यांची परात इकडे घ्या, तिकडे ऊन लागतंय."

"जी मॅडम," जयसिंगराव म्हणाले आणि परात उचलली. पंचशीलने बाह्या आणखी वर सारल्या, पातेल्यात पळी बुडवली आणि समोर आलेल्या द्रोणात भाजी वाढली.